रविवारची सुट्टी: गेटच्या आतली आणि बाहेरची

आपल्याकडच्या कामगारांना रविवारची सुट्टी ज्यांच्या चळवळीमुळे मिळाली ते नारायण मेघाजी लोखंडे जन्माने ठाण्याचे. १८४८ चा जन्म, मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले, सत्यशोधक समाजात आले आणि १८८० पासून 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवू लागले. तलावपाळीवर किंवा उपवनला रविवार घालवणाऱ्या ठाणेकरांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. 'वर्क-लाइफ बॅलन्स'वरची आपली चर्चा तर अशी चालते की जणू हा प्रश्न आयटी पार्कांबरोबरच जन्माला आला.

लोखंडे गिरणीत होते तेव्हा तिथे विजेचे दिवे नव्हते. उजाडलं की साचे सुरू, अंधारलं की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. अधूनमधून गिरणी बंद राहिली तरी यंत्रं पुसायला कामगार हवेच असत. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो मुलांपुरता: सात वर्षांखालच्यांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्यांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. मोठ्यांच्या तासांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. या कायद्यामागे सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकांची कळकळ होती, तसा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता. मुंबईचं स्वस्त कापड त्यांना खुपत होतं.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या आज वाचताना ओशाळायला होतं, इतक्या साध्या: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवणाला, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघात झाला तर भरपाई. सहा वर्षं काही हललं नाही. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जूनला गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारच का? इंग्रजांचा चर्चचा वार हे उत्तर सगळे देतात. पण रविवार हा खंडोबाचाही वार, आणि गिरणीत घाटावरून आलेला कामगार भरपूर. तोही आधार लोखंड्यांनी घेतला, असं सांगितलं जातं.

पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. पुरुषांच्या तासांना मात्र अजून मर्यादा नव्हती, आणि तेवढ्यात गिरण्यांत वीज आली. १९०५ च्या सुमारास दिवे लागल्यावर सूर्यास्ताची हद्दच पुसली गेली आणि दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. सूर्य मावळल्यावर काम थांबवायचं हा रिवाज शतकानुशतकांचा, तो एका दिव्याने मोडला. ओरड झाली, समिती नेमली, मग आयोग, आणि १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. त्यानंतर आठवड्याचे तास उतरत गेले: १९२२ ला ६०, १९३४ ला ५४, १९४६ ला ४८. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ४८ तास कायम ठेवले. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, हेही त्यात होतं.

या सगळ्या कायद्यांचं मोजमाप गेटपाशी सुरू होतं आणि गेटपाशी संपतं. गिरणगावात ते चालून गेलं, कारण चाळ आणि गिरणी हाकेच्या अंतरावर, भोंगा घरात ऐकू यायचा. ठाण्याचं तसं नव्हतं. १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला आली आणि हळूहळू घर एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला हा इथला शिरस्ताच झाला. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली तेव्हा तिचा कारभार ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून सुरू झाला. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. शिफ्ट आल्या. विजेचा भार वाटून घ्यायला औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्याही वेगवेगळ्या वारांवर गेल्या. नवऱ्याला शुक्रवारी ऑफ, बायकोच्या ऑफिसला रविवारी, मुलांच्या शाळेला शनिवार-रविवार. कागदावर प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस मिळतच होता. एकत्र जेवायला मात्र सणच उजाडावा लागायचा.

गेटबाहेरचे तास हिशेबात धरणारा मोठा प्रयत्न माझ्या मते एकच झाला, तो नवी मुंबईचा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात तो मांडला: दक्षिण मुंबईकडे धावणारा लोंढा थांबवायचा असेल तर खाडीपलीकडे घरं आणि नोकऱ्या दोन्ही न्या. हे नवं शहर वसवायला १७ मार्च १९७० ला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. नोडची, म्हणजे शहराच्या एकेका विभागाची, कल्पना हीच, की काम, शाळा, बाजार जवळपास. घाऊक बाजार वाशीला आले. सरकारी कचेऱ्या मात्र मोठ्या संख्येने मुंबईतच राहिल्या. घरं झाली, नोकऱ्या मागे पडल्या. १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला पोचली आणि ज्या प्रवासातून सुटका करायची होती तोच सोयीचा झाला. नोकऱ्या आल्या त्या नंतर, महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांतून, आणि २००४ पासून ठाणे-वाशी लोकलने तिकडे उलटी गर्दी धावू लागली.

या नोकऱ्यांत घड्याळ परदेशी ग्राहकाचं असतं. ऐरोलीत रात्री नऊला कॅबमध्ये बसणारी मुलगी आणि वाशीच्या भाजी मार्केटात मध्यरात्रीनंतर गोणी उचलणारा माथाडी, दोघांचीही झोप दिवसाउजेडी. त्यातल्या माथाडीच्या मागे १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि संघटना आहे. मुलीच्या मागे २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा: मुळात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी. पण व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरच्यांना तो लागू नाही, आणि आयटीत तर तिशी गाठेपर्यंत नावापुढे 'मॅनेजर' लागलेलं असतं. शिवाय काम आता लॅपटॉपबरोबर घरी येतं. विजेच्या दिव्याने केलं तेच मोबाइलने केलं, फक्त आयोग नेमला गेला नाही.

शरीर काय म्हणतं ते जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एकत्र मांडलं. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. कल्याणहून उभ्याने आलेला तास या ५५ मध्ये धरलेला नाही.

आपल्याकडे धोरण दोन्ही दिशांना जातंय. फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतली नऊवरून दहावर न्यायला मंजुरी दिली. ड्युटी संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. ते खासगी विधेयक आहे, म्हणजे सरकारने नव्हे तर मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं. असं विधेयक संसदेने शेवटचं मंजूर केलं ते १९७० साली.