कॉर्कची मूठ (मासेमारीचा रॉड)

रीळ लावलेल्या मासेमारीच्या रॉडला हाताची पकड म्हणून नैसर्गिक कॉर्कच्या चकत्या चिकटवून केलेला भाग म्हणजे कॉर्कची मूठ. खानदेशात ती तशी उपरीच. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर या नद्यांवर भोई, कोळी, भिल्ल यांची मासेमारी मुख्यतः जाळ्याची. हौसेने बसणाऱ्याचे बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), गळ आणि गांडूळ एवढ्यावर भागते. बांबूला वेगळी मूठ लागतच नाही. फायबर किंवा कार्बनचा बारीक, गुळगुळीत रॉड हातात आला की मात्र ती लागते.

कॉर्क ही पश्चिम भूमध्य प्रदेशातल्या कॉर्क ओक या सदाहरित झाडाची साल. जगातले सुमारे निम्मे उत्पादन एकट्या पोर्तुगालचे. त्याखालोखाल स्पेन, मग मोरोक्को, अल्जीरिया वगैरे. झाड साधारण २५ वर्षांचे झाले की उन्हाळ्यात कुऱ्हाडीने साल सोलतात. झाड तोडत नाहीत. साल पुन्हा वाढते. पोर्तुगालमध्ये दोन सोलण्यांत किमान ९ वर्षांचे अंतर ठेवावे लागते आणि कोणत्या वर्षी सोलले त्याचा शेवटचा अंक खोडावर रंगवून ठेवतात. पहिली साल खडबडीत व भेगाळ असते. उत्तम माल तिसऱ्या सोलणीपासून, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. त्यातला चांगला भाग बाटल्यांच्या बुचांचे कारखाने उचलतात, म्हणून मुठीसाठी निर्दोष कॉर्क महाग पडतो. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांकडेला पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा टाकणारे बुचाचे झाड याच्या नात्यातले नव्हे. त्याच्या सालीचा कॉर्कऐवजी वापर झालेला आहे, पण ती हलक्या प्रतीची.

रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्या त्या कॉर्कच्याच कापात. बंद, हवेने भरलेल्या या पेशींच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ असतो. म्हणून कॉर्क हलका, पाणी न शोषणारा, दाबला तरी पूर्ववत होणारा आणि उष्णता सहज न वाहणारा. ओल्या, चिकट हातातूनही तो निसटत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा हतनूर धरणाच्या काठावर उन्हात ठेवलेली काळ्या फोमची मूठ चांगलीच तापते, कॉर्कची मात्र हातात धरवते. खानदेशापुरते बोलायचे तर कॉर्कच्या बाजूने एवढा एक मुद्दा पुरे आहे. बाकी फोम स्वस्त, टिकाऊ आणि कमी लाडावलेला.

मूठ करायला साधारण ३२ मिमी व्यासाच्या, १२-१३ मिमी जाडीच्या, मध्ये भोक असलेल्या चकत्या घेतात. सात इंची मुठीला अशा सुमारे १४ लागतात. आटे पाडलेल्या, मेण लावलेल्या सळईवर त्या गोंद लावून ओवायच्या, दोन्ही टोकांना नट आवळून रात्रभर ठेवायच्या, मग लेथवर फिरवत सँडपेपरने आकार द्यायचा. गोंद फार कडक निवडला तर कॉर्क झिजतो आणि गोंद तसाच राहतो. प्रत्येक सांध्यावर बारीक कंगोरा उठतो आणि दिवसभरात तो तळहाताला जाणवतो. रॉड एका टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून भोकही गोल कानशीने तसेच घासून मग इपॉक्सी गोंदाने मूठ बसवतात. जिथे घासटण्याची भीती, त्या टोकांना रबरमिश्रित कॉर्कची चकती देतात.

दर्जा ठरतो तो छिद्रांवर. साल श्वास घेते त्या वाटा कॉर्कमध्ये तपकिरी भुकटीने भरलेल्या भोकांच्या रूपाने उरतात. स्वस्त मुठीत ही भोके लुकण (भोके बुजवायचा लगदा) भरून बुजवलेली असतात आणि दुकानात ती मूठ महागडीइतकीच देखणी दिसते. दोन-तीन हंगामांत लुकण गळते, मूठ चाळणीसारखी होते. ‘ए’, ‘डबल ए’, ‘ट्रिपल ए’ असे शिक्के असतात, पण सर्वमान्य मोजमाप नाही. एकाचा ‘ट्रिपल ए’ दुसऱ्याच्या ‘ए’ बरोबरही असू शकतो. घेताना मूठ तिरक्या उजेडात धरावी. लुकणाचा भाग सपाट, एकरंगी दिसतो; खऱ्या कॉर्कवर बारीक रेषा असतात.

आमिषाची कणीक, माशाचा चिकटा आणि घाम यांनी मूठ काळी पडते. साध्या साबणाने, मऊ घासणीने हलकेच घासून सावलीत वाळवली की पुरते. बादलीत भिजत ठेवू नये आणि बंद गाडीत उन्हात तर मुळीच टाकू नये. लुकण गळलेली भोके पुन्हा भरता येतात: कॉर्क घासून निघालेली भुकटी लाकडाच्या गोंदात कालवायची, दाबून भरायची, वाळली की बारीक सँडपेपर फिरवायचा. भुकटी त्याच मुठीची नसली तरी चालते, रंग तेवढा जुळायला हवा.