फेडिव्हर्सवरच्या ‘फक्त फॉलोअर’ पोस्टची पार्श्वभूमी

फेडिव्हर्स म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, पण एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांचे सोशल मीडियाचे जाळे. त्यातल्या मॅस्टोडॉन या सॉफ्टवेअरवर पोस्ट कोणाला दिसावी हे ठरवायला चार पर्याय असतात : सर्वांना; सर्वांना, पण सार्वजनिक टाइमलाइनवर न येता; फक्त फॉलोअरना; आणि फक्त उल्लेख केलेल्यांना. शेवटचे दोन पर्याय म्हणजे कुलूप, असे बरेच जण धरून चालतात. खरे तर ते पोस्टकार्डावरच्या पत्त्यासारखे आहेत. मजकूर उघडाच असतो आणि पत्ता पाळणे ज्या सर्व्हरवर कार्ड पोचते त्याच्या हाती असते.

याचे मूळ सुरुवातीच्या रचनेत आहे. २००८ साली सुरू झालेली आयडेंटिका ही छोट्या पोस्टची साइट आणि तिच्यातून पुढे आलेला ओस्टेटस हा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, मुळात जाहीर लिखाणासाठी होता. तुमच्या पोस्टची फीड उघडी असायची, कोणताही सर्व्हर ती मागून घेऊ शकायचा. ‘हे कोणासाठी’ हे लिहायला त्यात जागाच नव्हती. २०१० मध्ये आलेल्या डायस्पोरा या सोशल नेटवर्कने मात्र ओळखीच्या माणसांचे वेगवेगळे गट करून पोस्ट तेवढ्यांनाच पाठवायची सोय दिली होती.

ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेले मॅस्टोडॉन ओस्टेटसवरच चालायचे. त्याने खासगी पोस्टची खूण स्वतःची म्हणून जोडली. ओस्टेटसवरच चालणाऱ्या ग्नू सोशल या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरांना ती कळत नव्हती. म्हणून एखाद्या खासगी पोस्टमध्ये तिथल्या कोणाचे नाव घेतले की ती तिकडे उघड दिसण्याचा धोका असे. तेव्हा पोस्ट लिहितानाच मॅस्टोडॉन त्या सर्व्हरचे नाव दाखवून विचारायचे, की तो ही पोस्ट बाहेर जाऊ देणार नाही याचा तुम्हाला भरवसा आहे का. हा प्रश्न आजही तितकाच योग्य आहे. तो पडद्यावरून गेला, याची खंत वाटते.

सप्टेंबर २०१७ मध्ये मॅस्टोडॉन १.६ ने अ‍ॅक्टिव्हिटीपब हा नवा प्रोटोकॉल घेतला आणि २३ जानेवारी २०१८ रोजी डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने तो मानक म्हणून मान्य केला. त्यात प्रत्येक पोस्टला ‘टू’ आणि ‘सीसी’ असे रकाने असतात. जाहीर पोस्टमध्ये ‘टू’मध्ये ‘पब्लिक’ हा खास पत्ता जातो. तो कुठेच नसेल आणि फक्त फॉलोअरांची यादी असेल, तर पोस्ट फॉलोअरांपुरती. पत्त्याची सोय झाली, मजकूर मात्र उघडाच राहिला.

शिवाय एका सर्व्हरवर तुमचे पन्नास फॉलोअर असले तरी वाहतूक वाचवण्यासाठी बहुधा एकच प्रत सामायिक इनबॉक्समध्ये जाते. ती कोणाकोणाला दाखवायची हे तो सर्व्हर आपल्याकडच्या नोंदींवरून ठरवतो. पिक्सेलफेड या फेडिव्हर्सवरच्या फोटोंच्या सॉफ्टवेअरने मार्च २०२५ मध्ये ०.१२.५ आवृत्तीत दुरुस्त केलेली चूक नेमकी इथलीच. तुम्ही मंजुरी दिलेला एक फॉलोअर त्या सर्व्हरवर असला की पोस्ट तिथे पोचायची. मग तिथल्याच दुसऱ्याने ‘फॉलो’ दाबले की तुमच्या मंजुरीची वाट न पाहता पिक्सेलफेड त्यालाही फॉलोअर धरायचे. तुमच्या सर्व्हरवर सगळे नीट असूनही काही उपयोग नव्हता.

ऑक्टोबर २०१९ मधल्या मॅस्टोडॉन ३.० पासून अ‍ॅडमिनला ‘ऑथराइज्ड फेच’ चालू करता येते. मग जाहीर पोस्ट मागणाऱ्या सर्व्हरलाही मागणीवर आपली डिजिटल सही करावी लागते, त्यामुळे ब्लॉक केलेला सर्व्हर ओळखून परतवता येतो. बदल्यात सर्व्हरवरचा भार वाढतो आणि सही न करणाऱ्या सॉफ्टवेअरशी संबंध तुटतो. त्यापुढची पायरी म्हणजे मर्यादित फेडरेशन : परवानगीच्या यादीत असलेल्या सर्व्हरांशीच देवाणघेवाण.

बंद समुदायासाठी आमचा कौल मात्र पोस्ट बाहेर न पाठवण्यालाच. होमटाउन आणि ग्लिच-सोक या मॅस्टोडॉनच्या शाखांमध्ये ‘फक्त स्थानिक’ पोस्ट करता येते. लेमी या फेडिव्हर्सवरच्या चर्चा-समुदायांच्या सॉफ्टवेअरमध्ये जून २०२४ च्या ०.१९.४ आवृत्तीपासून अख्खा समुदाय स्थानिक ठेवता येतो. पण आधी नोंदणी मंजुरीवर आणा. नोंदणी खुली असेल तर कोणीही खाते उघडून आत येईल.

ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कची घडण आणखी वेगळी आहे. तिथे पोस्ट, लाइक, अगदी तुम्ही कोणाला ब्लॉक केले तेही जाहीर साठ्यात असते. लॉगिन न केलेल्यांपासून खाते लपवण्याचा पर्याय ही अ‍ॅपांना केलेली विनंती आहे. इतर अ‍ॅपांनी ती पाळलीच पाहिजे असे नाही.

मॅस्टोडॉनवर फॉलोअरपुरते लिहिणार असाल, तर फॉलो-विनंत्या आपोआप मंजूर होणे आधी बंद करा. नाहीतर कोणीही ‘फॉलो’ दाबून वाचायला बसेल. पोस्ट पुसली तरी इतर सर्व्हरांना फक्त पुसण्याची विनंती जाते. ‘फक्त उल्लेख केलेल्यांना’ पाठवलेला मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच उलगडेल असा, नसतो; दोन्हीकडचे अ‍ॅडमिन डेटाबेसमधून तो वाचू शकतात. तशी गरज असेल तर मॅट्रिक्स या चॅट-व्यवस्थेतली एन्क्रिप्टेड खोली बरी. आणि मॅस्टोडॉनवरच्या अशा खासगी बोलण्यात तिसऱ्या कोणाविषयी लिहिताना त्याच्या नावाआधी अ‍ॅटचे चिन्ह लावू नका. लावलेत की तो निरोप त्यालाही पोचतो.