मोनेची होडी आणि नदीचा आरसा

१८७४ साली एदुआर माने या चित्रकाराने आपला मित्र क्लोद मोने याला होडीत बसून चित्र काढताना रंगवलं. (मोने आणि माने, दोघेही अस्सल फ्रेंच!) होडीवर लाकडी खोली, भोवती पॅरिसजवळच्या अर्जांतोयची सेन नदी. काठावर ऐसपैस जागा असताना हा गडी पाण्यात कशाला उतरला? हौस होतीच, शिवाय दोबिन्यी या चित्रकाराने आधीच तशी होडी केली होती. पण पाणी रंगवायचं तर होडीच बरी, याला भौतिकशास्त्रही दुजोरा देतं.

पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर त्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २ टक्के परत येतो. नजर जितकी तिरपी, तितकं परावर्तन जास्त. पाच मीटर उंच काठावरून दहा मीटर दूरच्या पाण्याकडे पाहा: ७-८ टक्के. होडीत बसलं की डोळे पाण्यापासून मीटरभरच उंच, आणि तेवढ्याच अंतरावरचं पाणी आता निम्म्याहून अधिक प्रकाश परत पाठवतं. नदी तीच, पण काठावरून तिचा गढूळ हिरवा रंग दिसतो आणि होडीतून आभाळ.

अर्थात पाणी संथ असेल तर. लाट आली की तिचा प्रत्येक उतार वेगळ्या कोनात कलतो. एका उतारावर झाडाचा हिरवा, शेजारी आभाळाचा निळा, आणि जो उतार आपल्याकडे तोंड करून आहे त्यावर परावर्तन कमी, म्हणून काळपट. १८६९मध्ये मोने आणि रन्वार यांनी सेनकाठच्या ला ग्रनुयेर इथे शेजारी बसून चित्रं काढली, त्यातलं मोनेचं पाणी जवळून पाहावं: रंगाचे सुटे, आडवे, जाड फटकारे. लोकांना हे अर्धवट वाटलं. माझ्या मते ते पाण्याचं अगदी काटेकोर निरीक्षण आहे.

१८९६-९७मध्ये त्याने उलटा खेळ मांडला. आता मुक्काम सेनकाठच्या जिव्हेर्नी गावी होता. पहाटे साडेतीनला उठून तो नदीवर जायचा. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि पाण्यापेक्षा हवा गार असते, त्यामुळे पाण्याची वाफ वर येताच गार होऊन तिचे बारीक थेंब बनतात आणि धुकं धरतं. ऊन चढलं की धुकं विरतं, वारा सुटतो, आरसा मोडतो. म्हणून होडीत एकाच वेळी चौदा कॅनव्हास. प्रकाश बदलला की एक बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा.

या मालिकेतली काही चित्रं उलटी टांगली तरी चटकन कळणार नाही. आपला डोळा पाण्यापासून जितका उंच, तितक्याच खोलीवर पाण्याखाली बसून पाहिल्यासारखं प्रतिबिंबातलं दृश्य असतं. उंच काठावरून त्यात फांद्यांची खालची बाजू दिसते, म्हणून ते मूळ झाडापेक्षा वेगळं. डोळे पाण्याला टेकल्यागत असले की वरचं झाड आणि खालचं झाड जवळपास एकच होतं.