शब्दशः अर्थनिर्णय

कायद्याच्या किंवा धर्मग्रंथाच्या वचनाचा अर्थ लावताना कर्त्याचा हेतू किंवा परिणामांची इष्टता न पाहता, लिहिलेल्या शब्दांच्या रूढ अर्थावरच थांबण्याची पद्धत.

पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, वाच्यार्थाला (शब्दाच्या थेट अर्थाला) अग्रक्रम असून तो जुळत नसेल तरच लक्षणेचा, म्हणजे त्याच्याशी संबंधित दुसऱ्या अर्थाचा, आधार घेतला जातो. वसंतासाठी कपिंजल पक्षी अर्पावेत या विधीत संख्या दिलेली नाही. पण संस्कृतात द्विवचन वेगळे असल्याने बहुवचन तिनापासून सुरू होते, म्हणून तीनच पक्षी पुरेत, असा निर्णय मीमांसकांनी दिला. मात्र ‘कावळ्यांपासून दही राख’ असे सांगितल्यावर मांजराला दही खाऊ देणे हे आज्ञापालन नव्हे, हे उदाहरणही याच परंपरेत दिले जाते.

इस्लामी धर्मशास्त्रात नवव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ दाऊद याच्या जाहिरी पंथाने सादृश्यावरून नियम काढण्यास नकार दिला. आईवडिलांना ‘उफ्’ही म्हणू नये, या कुराणवचनातून मारहाणीची मनाई आपोआप निघत नाही, ती इतर वचनांवरून सिद्ध होते, असे अंदलुसियातील (मुस्लिम सत्तेखालील स्पेनमधील) याच पंथाचा विद्वान इब्न हज्म (९९४–१०६४) मानत असे.

इंग्लंडमध्ये १८६८ साली मृत मतदाराच्या नावाने मत देणारा एक जण निर्दोष सुटला, कारण कायद्यात ‘मतदानाचा हक्क असलेल्या व्यक्तीचे’ सोंग घेणे हा गुन्हा होता आणि मृताला तसा हक्क नसतो.

शब्दशः अर्थ म्हणजे कोशातला अर्थ, असा समज सर्रास आढळतो. तो अकोल्याच्या विड्याच्या पानांच्या खटल्यात टिकला नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात भाजीला करमाफी होती. पानांची माफीही आधी स्वतंत्र नोंदीने दिलेली होती, पण ती नोंद १९४८ मध्ये वगळली गेली. तेव्हा पान ही वनस्पतीच, म्हणून ती इंग्रजी मसुद्यातील ‘व्हेजिटेबल्स’ या शब्दात बसते, असा अकोल्यातील व्यापाऱ्यांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो फेटाळला. वनस्पतिशास्त्राचा अर्थ बाजूला ठेवून, परसात किंवा मळ्यात पिकवून जेवणात वापरतात ती भाजी, हा बोलीतला अर्थ न्यायालयाने धरला. (मराठी कायदा असता तर वादच उद्भवला नसता, नागवेलीच्या पानाला पालेभाजी कोण म्हणेल?) वगळलेल्या नोंदीवरूनही न्यायालयाने हेच अनुमान काढले, म्हणजे निव्वळ शब्दापाशी थांबणे इथेही जमले नाही. पुढच्याच वर्षी बिहारच्या एका प्रकरणात ऊसही ‘हिरवी भाजी’ नव्हे, असे ठरले.