'कॉम्पेन्सेशन': शब्द दवाखान्यातून जिममध्ये कसा आला

स्क्वॉटमध्ये गुडघे आत वळले किंवा टाचा उचलल्या की कोच ओरडतो, 'कॉम्पेन्सेट करतोयस!' सूर चोरी पकडल्याचा असतो. शरीराचा एक भाग कमी पडला की दुसऱ्याने त्याची उणीव भरून काढणं, एवढाच याचा अर्थ; मुळात या शब्दात दोष नव्हता.

१८९५ मध्ये एका जर्मन शल्यविशारदाने कुल्ह्याचे स्नायू दुबळे असणाऱ्यांची चाल नोंदवली: एका पायावर भार आला की दुसऱ्या बाजूची कंबर झुकते. मग तोल सांभाळायला धड भाराच्या पायाकडे कलतं. पुढे पोलिओने अशा चाली जगभर दाखवल्या. मांडी लुळी पडलेलं मूल हाताने ती मागे दाबत चालतं. आपल्याकडे हे पाहिलेली पिढी अजून आहे. तो हात काढायला सांगितला तर मूल पडेल. १९२० च्या दशकात मॉस्कोत हातोडा मारणाऱ्या कामगारांची हालचाल टिपली गेली. दर घावाला सांधे थोडे वेगळे वळत होते, घाव मात्र नेमका बसत होता.

प्रागच्या एका मज्जाविकारतज्ज्ञाने नंतर आखडलेल्या आणि सुस्तावलेल्या स्नायूंच्या जोड्या मांडल्या. तिथून 'बिघाड शोधा, दुरुस्त करा' ही भाषा ट्रेनरांच्या तोंडी रुळली.

खरा गुंता झाला गुणांकनात. अमेरिकेत रूढ झालेल्या एका चाचणीत सात हालचाली असतात, प्रत्येकीला ० ते ३ गुण. निर्दोष जमली तर ३, कॉम्पेन्सेट करून जमली तर २, जमलीच नाही तर १, दुखलं तर ०. एकूण २१. २००७ मध्ये ४६ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासाने १४ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे दुखापतीचा धोका जास्त, अशी रेषा आखली. आता गणित करून पाहा: सात दुणे चौदा. सातही हालचाली तडजोड करून पार पाडणारा थेट धोक्याच्या यादीत! शिवाय चार हालचालींत ३ मिळवून उरलेल्या तिन्हींत शून्यावर, म्हणजे दुखण्यावर, अडकलेला माणूसही बाराच गुणांवर, तितकाच 'धोक्यात'. दोघांना एकाच रांगेत बसवणारी बेरीज मला कधीच पटली नाही. त्याच अभ्यासात जायबंदी झालेल्यांपैकी जवळपास निम्मे १४ च्या वर होते, हे जाहिरातीत कुठे दिसत नाही.

नंतरच्या आढाव्यांत एकूण गुणांवरून दुखापतीचं भाकीत फारसं जमत नसल्याचं दिसलं. चाचणी वापरात आहे, आणि २ गुणांची व्याख्याही तीच आहे.