मेंदूत तुंबलेलं पाणी

"ताई, तुम्ही कॉलेजात बायोलॉजी शिकवता ना? मग हे एवढं पांढरं पांढरं काय दिसतंय, ते सांगा मला." शेजारच्या भाभींनी एमआरआयची फिल्म गॅलरीतल्या उजेडाला धरली होती. त्यांची तीन वर्षांची लेक दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या फ्रॉकचा गळा मागून उसवून तिथे तीन बटणं लावलेली होती, कारण डोकं गळ्यातून जायचं नाही. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर नेहमीसारखाच होता. पहिल्या वर्षात तो भराभर वाढला. चालायला ती जरा उशिरा लागली आणि अजून पावलं डळमळत टाकायची, पण बोलायला चुणचुणीत.

फिल्म पाहून माझ्या पोटात गोळाच आला. मेंदूच्या आतल्या भागातून चेतातंतूंचे जुडगे जातात. त्याला श्वेतद्रव्य म्हणतात. या प्रकारच्या चित्रात तो भाग एरवी गडद दिसतो. इथे तो दोन्ही बाजूंनी सगळाच्या सगळा चकाकत होता, सुजलेला होता, आणि कानशिलांच्या आत पाण्याच्या पिशव्या दिसत होत्या. अशा मेंदूचं मूल अंथरुणाला खिळलेलं असेल, असंच कुणालाही वाटावं. ते मूल माझ्यासमोर उभं राहून गाणं म्हणत होतं.

भाभींचं कुटुंब अगरवाल. हे सांगतेय ते मुद्दाम, कारण या आजाराचा इतिहास मुंबईतून जातो. एमआरआय भयंकर आणि मूल त्या मानाने बरं, डोकं मोठं, आणि घराणी बहुतेक अगरवाल समाजातली, ही गोष्ट बॉम्बे हॉस्पिटलमधले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हेरली. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये मार्यो व्हॅन डर नाप हाच आजार अभ्यासत होत्या. त्यांचं सविस्तर वर्णन १९९५ साली आलं. या आजाराच्या लांबलचक वैद्यकीय नावाचं लघुरूप एमएलसी. २००१ साली त्याला कारण असलेलं जनुक सापडलं, त्यालाही एमएलसी१ हेच नाव मिळालं. भारतातल्या बहुतेक अगरवाल रुग्णांत या जनुकात एकाच जागी डीएनएचं एकच अक्षर जास्तीचं घुसलेलं आहे. म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वीच्या कुणा एका पूर्वजाकडून ते सगळ्यांकडे आलेलं आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची. हे जनुक मेंदूत प्रामुख्याने काम करतं ते विचार करणाऱ्या, संदेश धाडणाऱ्या चेतापेशींमध्ये नाही, तर त्यांच्या आजूबाजूच्या आधारपेशींमध्ये.

आधारपेशींना ग्लिया म्हणतात. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ साली हे नाव दिलं तेव्हा त्यांच्या मनात चेतापेशींना जागच्या जागी चिकटवून ठेवणारी खळ होती. खळ म्हटल्यावर तिच्याकडे कोण पाहणार? शंभर वर्षांहून जास्त काळ सगळं लक्ष चेतापेशींकडेच राहिलं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि इतर पेशींची संख्याही जवळपास तितकीच भरते. या इतरांत तंतूंवर मायलिनचं वेष्टन गुंडाळणाऱ्या पेशी आहेत, कचरा उचलणाऱ्या आणि जंतूंशी लढणाऱ्या मायक्रोग्लिया आहेत, आणि चांदणीसारखे हातपाय पसरलेल्या तारकापेशी आहेत. इंग्रजी पुस्तकांतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट त्या याच.

तारकापेशीचे पाय रक्तवाहिनीला बाहेरून वेढून बसतात. चेतापेशीने संदेश धाडला की तिच्यातून पोटॅशियम बाहेर पडतं. ते तिथेच साचलं तर शेजारच्या चेतापेशी विनाकारण चेकाळतील. म्हणून तारकापेशी ते शोषून घेतात, त्याच्यामागून पाणीही आत येतं, आणि मग दोन्ही हळूहळू रक्तवाहिनीच्या दिशेने वाटेला लावलं जातं. एमएलसी१चं प्रथिन नेमकं या पायांपाशी असतं. मुंबईत राहणाऱ्याला पुढचं समजावून सांगायला नको. दादरजवळच्या सखल हिंदमाताला पाणी भरतं ते पाऊस पडतो म्हणून, आणि तेवढ्याच वेगाने ते उपसलं जात नाही म्हणून. या मुलांच्या मेंदूत उपसा मंदावतो आणि मायलिनच्या थरांमध्ये पाण्याचे फुगे धरतात. फिल्मवर चकाकत होतं ते हेच पाणी. तंतू तुटलेले नव्हते, भिजलेले होते. त्यामुळेच ती मुलगी गाणं म्हणू शकत होती.

पण हे असंच राहत नाही. पुढे हातापायांत ताठरपणा येतो, तोल जातो, फिट्स येतात. डोक्याला किरकोळ मार लागला तरी अशी मुलं झटक्यात खालावू शकतात. मी भाभींना सगळ्यात आधी हेच सांगितलं: पलंगाचे कोपरे, न्हाणीघरातली ओली फरशी, जिन्याची पायरी.

हा आजार विरळा आहे, पण आधारपेशींचा हात पुष्कळ मोठ्या आजारांतही आहे. एएलएस या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. त्याच्या आनुवंशिक प्रकारांपैकी एकाला एसओडी१ जनुकातला बदल कारण आहे, हे १९९३ साली कळलं. २००३ साली शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या शरीरात काही पेशी बिघडलेल्या जनुकाच्या आणि काही निरोगी. निरोगी चेतापेशी बिघडलेल्या आधारपेशींच्या शेजारी राहिल्या तर त्यांनाही इजा झाली. उलट, बिघडलेल्या चेतापेशी निरोगी शेजाऱ्यांमध्ये जास्त तगल्या. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराबाबत २०१६ साली असाच प्रयोग झाला. त्या आजाराचं जनुक असलेल्या मानवी ग्लिया धडधाकट उंदरांच्या मेंदूत सोडल्या, तर उंदीर अडखळू लागले. निरोगी मानवी ग्लिया आजारी उंदरांना दिल्या, तर आजाराचा वेग मंदावला आणि ते जास्त जगले. मरते ती चेतापेशी, पण मारेकरी तिच्याच घरात आहे असं धरून चालता येत नाही. औषध शोधणाऱ्यांसाठी हा फार मोठा बदल आहे, कारण मेलेली चेतापेशी बहुधा पुन्हा मिळत नाही, तर ग्लिया बदलता येतील अशी आशा आहे.

एमएलसीच्या बाबतीतही आशेला जागा आहे. याच पेशीपायांशी ग्लायलकॅम नावाचं दुसरं प्रथिन एमएलसी१च्या जोडीने काम करतं. त्याच्या जनुकाच्या एकाच प्रतीत काही विशिष्ट बदल झालेली मुलं सुरुवातीला अगदी अशीच फिल्म घेऊन येतात, आणि पुढे काही वर्षांत ती फिल्म सुधारत जाते. म्हणजे भरलेलं पाणी ओसरू शकतं. उंदरांत एमएलसी१ची चांगली प्रत विषाणूच्या मदतीने मेंदूत पोचवली, तेव्हा फुगे कमी झाले. माणसासाठी असा उपचार आज हाताशी नाही. हे भाभींना सांगताना मला जड गेलं.

"पण आमचं तर गोत्र बघून लग्न केलंय," त्या म्हणाल्या. गोत्र बापाच्या बाजूने चालतं. जनुक आईच्या बाजूनेही येतं. आईबाप दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल तर दोघेही ठणठणीत असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या घरांनाही, जनुक वेगळं असलं तरी, हाच हिशेब लागू आहे. बदल ठाऊक असेल तर रक्ताच्या एका चाचणीत वाहक कोण ते कळतं, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाचीही तपासणी करता येते.

भाभींनी फिल्म पुन्हा पाकिटात घातली आणि विचारलं, "माझ्या नणंदेचं लग्न ठरतंय. तिला आता सांगू, की लग्नानंतर?" मी म्हटलं, आता, आणि मुलाकडच्यांची चाचणीही आताच.