वसतिगृह-व्यवस्था आणि गृहपालाचे काम (खानदेश)

महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा निवास, जेवण, सुरक्षितता आणि आजारपण सांभाळण्याचे काम. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत ते विद्यापीठाच्या आवारात, महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणि समाजकल्याण व आदिवासी विकास विभागांच्या शासकीय वसतिगृहांत चालते. शासकीय वसतिगृहाचा प्रमुख गृहपाल, इतरत्र बहुधा रेक्टर. रेक्टर बऱ्याचदा मूळचा प्राध्यापक असतो. दिवसा तास घ्यायचे आणि रात्री पाण्याच्या मोटारीपासून भांडणापर्यंत सगळे पाहायचे, असा हा अतिरिक्त कार्यभार. कागदावर तो इमारतीचा व्यवस्थापक ठरतो. प्रत्यक्षात सातपुड्यातून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलामुलींना विद्यापीठ समजावून सांगणारा पहिला माणूस तोच असतो. फॉर्म कुठे भरायचा, शिष्यवृत्ती का अडली, जातवैधतेची पावती कशी जपायची, हे प्रश्न विभागप्रमुखाच्या आधी त्याच्या दारात येतात.

खानदेशात महाविद्यालये विद्यापीठाच्या आधीची. अमळनेरचे प्रताप आणि जळगावचे मूळजी जेठा ही दोन्ही १९४५ ची. पदवी मात्र आधी मुंबई आणि नंतर पुणे विद्यापीठाची असे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव जोडले गेले. विद्यापीठाचे आवार गावाबाहेर, गिरणेकाठी बांभोरीजवळ आहे. गावात ‘रूम करून’ राहण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला इथे वसतिगृहावाचून सोयीचा पर्याय फारसा नाही.

वर्षाची सुरुवात प्रवेशयादीने होते. गुणवत्ता, प्रवर्ग आणि घराचे अंतर पाहून खोल्या दिल्या जातात, अनामत भरून घेतली जाते. यादीत नाव न लागलेला मित्र गादी टाकून खोलीत राहतो. त्याला ‘पॅरासाइट’ म्हणतात. नियमाने त्याला हाकलायचे असते, पण परीक्षेच्या तोंडावर तसे करताना बहुतेक रेक्टरांचा हात आखडतो. बाकी रोजचे काम म्हणजे रात्रीची हजेरी, बाहेर जाण्याची नोंदवही आणि पालकांचे फोन.

रॅगिंगच्या बाबतीत हात आखडून चालत नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार दोषीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सिद्धदोष विद्यार्थ्याला पाच वर्षे दुसऱ्या संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. दुर्लक्ष केले तर ते चिथावणीच मानले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी शक्य तिथे नव्या विद्यार्थ्यांना वेगळ्या भागात ठेवायला सांगितले आणि विद्यार्थी-पालकांची हमीपत्रे बंधनकारक केली.

या कामातला सर्वांत मोठा बदल जेवणाने घडवला. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत पूर्वी ठेकेदाराची मेस असे. धान्य तोलून घेणे, भाजीची चव पाहणे, बिलावर सही करणे आणि पातळ डाळीवरून उसळलेला गोंधळ शमवणे यात गृहपालाचा दिवस जाई. एप्रिल २०१८ च्या शासननिर्णयाने मोठ्या शहरांतील वसतिगृहांची मेस बंद करून भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँकखात्यात टाकण्याचे ठरले. त्याविरुद्ध जुलै २०१८ मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. ठेकेदाराच्या मेसवर कुणाचे फार प्रेम होते असे नाही, पण पैसे उशिरा आले तर महिना काढायचा कसा, हा प्रश्न खरा होता. रात्री जेवायला बाहेर जाणाऱ्या मुलींची काळजी हाही. खोलीत स्वयंपाकाला बंदी, खात्यात पैसे नाहीत आणि कॉटखाली शेगडी दिसते आहे, अशा वेळी काय करायचे ते कोणत्याच परिपत्रकात सापडत नाही. गृहपालाचा वेळ मग कोठीतून निघून बँकखाती, आधार-जोडणी आणि हजेरीच्या याद्यांत गेला. वसतिगृहात जागाच न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. दोन्हींत मदतीची रक्कम बँकखात्यात जमा होते.

आरोग्याच्या बाबतीत या भागाची स्वतःची अडचण आहे. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. शरीरातले पाणी कमी झाले, ताप आला किंवा थंडी बाधली की या रुग्णाला तीव्र वेदना सुरू होतात. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा आटलेली टाकी ही नुसती गैरसोय उरत नाही. म्हणून जाणता गृहपाल कोणत्या खोलीत असा विद्यार्थी आहे हे वर्षारंभीच माहीत करून घेतो. सांधे दुखतात म्हणणाऱ्याला तो अभ्यास चुकवणारा ठरवत नाही.

रजेचे गणितही इथले आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खानदेशची लोकदेवता घरोघरी बसते, तेव्हा घरच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, धुळे-जळगावची मुले गावी जातातच. सातपुड्याची होळी त्याहून मोठी: आधीच्या भोंगऱ्या बाजारापासून (होळीपूर्वी भरणाऱ्या आदिवासी बाजारापासून) नंदुरबारची वसतिगृहे रिकामी होऊ लागतात आणि काठी गावची होळी पेटून झाल्याशिवाय कुणी परतत नाही. परीक्षा त्याच सुमाराला असली तर रजेचा अर्ज नाकारण्यापेक्षा परतण्याची तारीख लिहून घेणे शहाणपणाचे. उशिरा येण्याची कारणेही सरसकट खोटी नसतात. सुरत पॅसेंजर रखडते, आणि पावसाळ्यात तळोदा-धडगाव रस्त्यावरच्या चांदसैली घाटात दरड खरोखरच कोसळते.

हे सारे रेक्टर एकट्याने पेलत नाही. फाटकावरचे ‘वॉचमन मामा’ आणि मुलींच्या वसतिगृहातील मावशी यांना कोण जेवत नाही, कोण रडते, कुणाला घरून फोन येणे बंद झाले, हे आधी कळते. त्यांच्यापैकी अनेकांना अहिराणी, पावरी किंवा भिली येते, आणि घाबरलेले मूल प्रमाण मराठीत फार काही सांगत नाही. असे असूनही यातले बरेच जण कंत्राटी असतात. ठेकेदार बदलला की तेही बदलतात आणि नव्या माणसाला दीडदोनशे चेहऱ्यांची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते.